प्रवासातला एल : एक की दोन?

रात्रीचे नऊ वाजत आले की सांगलीत पुण्या-मुंबईकडे निघालेल्या प्रवाशांची लगबग सुरू होते. कोणाच्या हातात हळदीच्या नमुन्यांची पिशवी, कोणाजवळ उद्या सकाळसाठी घरून बांधून दिलेले खाकरे, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न : ‘ट्रॅव्हल्स आली का?’ साताऱ्यात महामार्गाच्या फाट्यावर उभा असलेला प्रवासीही फोनवर हेच विचारीत असतो. या प्रश्नात व्याकरणाची काही गफलत आहे असे कोणालाच वाटत नाही. आणि मराठीच्या दृष्टीने ती नाहीही.

इंग्रजी माणसाला मात्र हे वाक्य कोड्यात टाकील. ‘ट्रॅव्हल’ हे त्याच्या भाषेत मोजता न येणारे नाम आहे. दुकानात ‘एक हळद, दोन हळदी’ असे कोणी मागत नाही, तसेच इंग्रजीत ‘एक ट्रॅव्हल, दोन ट्रॅव्हल’ असे म्हणत नाहीत. त्याचे अनेकवचन आहे, पण ते दूरदूरच्या भटकंतीसाठी राखून ठेवलेले. 1726 साली प्रसिद्ध झालेल्या गलिव्हरच्या सफरींच्या पुस्तकाच्या नावात ते आहे. तेथून हे अनेकवचन भारतातील प्रवासी कंपन्यांच्या पाट्यांवर आले, पाटीवरून गाडीच्या अंगावर आले, आणि अखेरीस गाडीच ‘ट्रॅव्हल्स’ झाली : एकवचनी आणि स्त्रीलिंगी. ‘रात्रीची ट्रॅव्हल्स चुकली’ हे वाक्य आज कोणाही मराठी वाचकाला खटकत नाही. यात नवल करण्यासारखे फारसे नाही. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्याची पहिली बस धावली, आणि ‘स्टेट ट्रान्सपोर्ट’ या दोन शब्दांच्या आद्याक्षरांपासून ‘एसटी’ नावाची एक गाडी मराठीत जन्माला आली. सरकारी खात्याचे नाव जर गाडी होऊ शकते, तर खाजगी कंपनीच्या पाटीने का होऊ नये?

अडचण उत्पन्न होते ती हे शब्द पुन्हा इंग्रजीत नेताना. व्यापारी घराण्यांमध्ये हा प्रसंग आता रोजचा आहे. परदेशातील ग्राहकाला पत्र जाते, परगावच्या आणि परदेशच्या आप्तांना इंग्रजी निमंत्रणपत्रिका जाते, व्हिसाचा अर्ज भरला जातो. एखाद्या पेढीवरचे दृश्य सहज डोळ्यांसमोर आणता येईल. मुलगा संगणकावर पत्र लिहितो : ‘पुढील महिन्यात आम्ही प्रवास करीत आहोत.’ ‘ट्रॅव्हलिंग’ या शब्दात तो एकच एल घालतो. वडील छापील प्रत हातात घेतात आणि त्या शब्दाखाली लाल रेघ ओढतात, कारण तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्यांचे इंग्रजी पोसले त्यांना तेथे दोन एल हवे असतात. मुलगा दुसरा एल घालतो. आणि संगणक त्याच शब्दाखाली लगेच दुसरी लाल रेघ ओढतो.

दोन्ही रेघा आपापल्या जागी बरोबर आहेत.

इंग्रजीचा नियम असा की, क्रियापदाच्या शेवटच्या अवयवावर आघात असेल तर प्रत्यय लागताना शेवटचे व्यंजन दुहेरी होते. ‘रेफर’मध्ये आघात शेवटी आहे, म्हणून त्याच्या भूतकाळात दोन आर; ‘ऑफर’मध्ये आघात आरंभी आहे, म्हणून एकच आर. ‘ट्रॅव्हल’चा आघात ‘ट्रॅ’वर पडतो. नियमाने पाहिले तर तेथे एकच एल पुरेसा आहे. पण ब्रिटिशांनी एल या अक्षरापुरता अपवाद करून ठेवला आणि आघात कोठेही असो, ते अक्षर दुहेरी लिहिले. अमेरिकेच्या नोआ वेब्स्टर यांनी 1828 मध्ये आपला मोठा कोश प्रसिद्ध केला. त्यांना अशा अनावश्यक अक्षरांचा तिटकारा होता. एकच एल लिहिण्याची अमेरिकी पद्धत रुजली ती मुख्यतः त्यांच्यामुळे. म्हणजे तर्क अमेरिकेच्या बाजूला आणि रूढी इंग्लंडच्या. भारताने शाळेत रूढी स्वीकारली. पण संगणक पुष्कळदा अमेरिकी इंग्रजीवर लावलेला येतो, म्हणून त्याच्या लेखी वडील चुकतात. संगणकाची भाषा ‘इंग्रजी, भारत’ अशी बदलून घेतली की ही लाल रेघ नाहीशी होते. सराफी पेढ्यांना हाच घोळ ‘ज्वेलरी’ या शब्दात अनुभवास येतो : ब्रिटिश पद्धतीत दोन एल आणि एक जादा ई, अमेरिकी पद्धतीत दोन्हींना फाटा. ‘चेक’, ‘टायर’, ‘सेंटर’, ‘किलोमीटर’ हे सगळे त्याच कुळातले. गंमत ‘कॅन्सल’ या शब्दाची आहे. रद्द झालेल्या गाडीसाठी इंग्लंड दोन एल लिहितो आणि अमेरिका एक. पण तिकिटाचे ‘कॅन्सलेशन’ म्हटले की दोन्ही देश निमूटपणे दोन एल लिहितात.

मराठी माणसाचा या ठिकाणी हमखास गोंधळ होतो, आणि त्याचे कारण इंग्रजीच्या अज्ञानात नसून मराठीच्या सवयीत आहे. मराठीत दुहेरी व्यंजन कानाला ऐकू येते. ‘गल्ला’, ‘पल्ला’, ‘किल्ला’ यांतील एक ल काढून पाहावा. शब्द मोडतो, किंवा ‘किला’सारखा हिंदी होऊन बसतो. इंग्रजीत दुहेरी व्यंजन ऐकूच येत नाही. ते बहुधा आधीच्या स्वराला ऱ्हस्व ठेवण्याची खूण असते, आणि कधीकधी नुसती सवय असते. म्हणून देवनागरीत ‘ट्रॅव्हलिंग’ लिहिताना कोणालाच प्रश्न पडत नाही. तेथे एकच ल येतो. हाच फरक उलट दिशेने पाहावयाचा असेल तर एकोणिसाव्या शतकातील कंपनी सरकारचे कागद पाहावेत. त्यांत साताऱ्याचे नाव दोन टी घालून लिहिलेले वारंवार आढळते. ‘सा’ऐवजी ‘स’ ऐकणाऱ्या साहेबाने तो स्वर आखूड राहावा म्हणून टी दुप्पट केला असावा. साताऱ्याचे नाव ‘सतरा’ या संख्येवरून आले असे सांगणारी एक लोकप्रिय व्युत्पत्ती आहे. साहेबाचे ते दोन टी पाहिले की तिची आठवण होते.

तेव्हा पेढीच्या पत्रात एक एल की दोन, याचे उत्तर कोशात नसून वहीत आहे. एकाच रोजमेळात अर्धी रक्कम रुपयांत आणि अर्धी डॉलरमध्ये कोणी लिहीत नाही. भारतातील कागद असेल तर दोन एल; अमेरिकेतील ग्राहकासाठी त्याच्या पद्धतीचे पत्र असेल तर एक; आणि एकदा धरलेली पद्धत पत्राच्या शेवटपर्यंत. पहिल्या परिच्छेदात दोन आणि तिसऱ्यात एक, एवढेच काय ते खरे अशुद्ध.

स्पेलिंगचा प्रश्न येथे संपतो. त्याहून अवघड आणि अधिक मनोरंजक प्रश्न आहे तो निवडीचा. ‘ट्रॅव्हल’, ‘जर्नी’, ‘ट्रिप’, ‘टूर’, ‘व्हॉयेज’ हे शब्द शाळेत एकाच ‘प्रवास’ या अर्थाखाली शिकवले जातात, आणि मग ते कोठेही कसेही वापरले जातात. वस्तुतः या प्रत्येकाचे कूळ निराळे आहे आणि प्रत्येकाला मराठीत जुळणारा सोयरा मिळतो.

‘जर्नी’ हा शब्द फ्रेंचातून आला. त्याच्या मुळाशी ‘दिवस’ आहे. एका दिवसात होईल एवढे काम किंवा एवढी चाल, म्हणजे ‘जर्नी’. मराठीत यालाच ‘मजल’ म्हणतात. ‘मजल दरमजल’ करीत जाणाऱ्या फौजेचे वर्णन साताऱ्याच्या इतिहासात पानोपानी भेटते. आज ‘जर्नी’चा अर्थ येथून तेथपर्यंतचे एका दिशेचे जाणे असा झाला आहे, परत येणे त्यात गृहीत नाही. उलट ‘टूर’च्या मुळाशी ‘वळणे’ आहे. जो फिरून मूळ जागी येतो तो ‘टूर’. मराठीतील ‘दौरा’ हा अरबीतून आलेला शब्द नेमका हाच अर्थ घेऊन आला : वर्तुळ, फेरा. म्हणून मंत्र्यांचा दौरा आणि विक्रेत्याची फेरी ही ‘टूर’ होते. पण मुलगी सासरी निघाली तर ती ‘टूर’ नव्हे, हे सांगावयास कोश लागू नये. ‘व्हॉयेज’ आज मुख्यतः सागरावरच्या लांब प्रवासाला म्हणतात, पण त्याचे मूळ ज्या लॅटिन शब्दात आहे त्याचा अर्थ वाटेसाठी बरोबर घेतलेले अन्न आणि पैसा असा होतो. संस्कृतात यालाच ‘पाथेय’ म्हणतात, मराठीत शिदोरी. खाकऱ्यांचे पुडके काखोटीला मारून गाडीत चढणारा सांगलीकर या शब्दाच्या मूळ अर्थाच्या पुष्कळच जवळ आहे.

‘ट्रिप’चा जुना अर्थ हलके, चपळ पाऊल टाकणे असा, ठेचकाळण्यालाही तोच शब्द आहे. आता त्याचा अर्थ जाऊन येणे असा आहे, आणि बहुधा लहानसे. मालट्रकवाले ‘दिवसात दोन ट्रिपा झाल्या’ म्हणतात तेव्हा ते इंग्रजीचा अगदी अचूक उपयोग करीत असतात. पूर्वी याच ठिकाणी ‘खेप’ हा शब्द होता. पदवीधर मुलगा ‘आय हॅड अ गुड ट्रॅव्हल’ लिहितो आणि चुकतो. चौथी शिकलेला ट्रकचालक ‘ट्रिप’ म्हणतो आणि चुकत नाही. त्याला खेप ठाऊक असते.

आणि ‘ट्रॅव्हल’? हा शब्द ‘ट्रॅव्हेल’ म्हणजे कष्ट या शब्दाचाच जुळा भाऊ आहे. दोघांचा उगम फ्रेंचातील श्रम करणे या अर्थाच्या क्रियापदात, आणि त्याच्याही मागे तीन खुंटांचे छळयंत्र असा अर्थ असलेल्या एका लॅटिन शब्दात सांगितला जातो. रस्ते चिखलाचे आणि वाटा चोरांच्या होत्या त्या काळी प्रवास आणि यातना यांत फारसे अंतर नव्हते. खंबाटकी घाटात ट्रकांच्या रांगेमागे रात्र काढलेल्यास ही व्युत्पत्ती समजावून सांगण्याची गरज पडत नाही.

व्यापाऱ्यांच्या वाटेवरील आणखी दोन शब्द जाता जाता पाहण्यासारखे आहेत. चांदोलीच्या जंगलाकडे निघालेली मंडळी ‘सफारी’ला जातात, हा शब्द अरबी ‘सफर’पासून आफ्रिकेच्या स्वाहिली भाषेत आणि तेथून इंग्रजीत गेला. मराठीतील ‘सफर’ ही त्याचीच सख्खी बहीण. दुसरा शब्द शाळेच्या मुलांना नेणारी ‘व्हॅन’. तो ‘कॅरॅव्हॅन’चे शेपूट होय, आणि ‘कॅरॅव्हॅन’ म्हणजे फारसी कारवान : व्यापाऱ्यांचा तांडा. भारतीय परंपरेत अशा तांड्याला ‘सार्थ’ आणि त्याच्या नायकाला ‘सार्थवाह’ म्हणत. जैन कथांत हा सार्थवाह ठिकठिकाणी भेटतो; श्वेतांबर परंपरेत भगवान ऋषभदेवांच्या पूर्वभवांची कथाच धन सार्थवाहापासून सुरू होते. सकाळी दप्तरे घेऊन व्हॅनमध्ये बसणारी पेढीवाल्यांची मुले नकळत आपल्या पूर्वजांच्याच वाहनातून शाळेला जातात.

काही इंग्रजी शब्द असे आहेत की ते इंग्रजांनीच येथे ठेवले आणि स्वतः मात्र विसरले. ‘शेठ आउट ऑफ स्टेशन आहेत’ हे वाक्य सातारा-सांगलीच्या कचेऱ्यांत आजही ऐकू येते. यातील ‘स्टेशन’ रेल्वेचे नव्हे. गोरे अधिकारी आणि फौज जेथे नेमलेली असे ते ठाणे म्हणजे ‘स्टेशन’. अधिकारी ठाण्याबाहेर गेला की तो ‘आउट ऑफ स्टेशन’. थंड हवेच्या डोंगरी ठाण्याला म्हणून ‘हिल स्टेशन’. सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वरला हे नाव कायमचे चिकटले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत ते वसले आणि तेथील पेठेला माल्कम पेठ नाव पडले. महाबळेश्वरला रेल्वे कधीच पोहोचली नाही, तरी ते स्टेशन आहे. आज लंडनमध्ये ‘आउट ऑफ स्टेशन’ म्हटले तर ऐकणारा बुचकळ्यात पडेल. त्याला ‘आउट ऑफ टाउन’ म्हणावे, म्हणजे सरळ ‘बाहेरगावी’.

‘अप-डाउन’चेही तसेच. सांगलीहून मिरजेला किंवा कऱ्हाडहून साताऱ्याला रोज नोकरीसाठी जाणारा ‘मी अप-डाउन करतो’ असे म्हणतो. रेल्वेच्या भाषेत मुख्य ठाण्याकडे जाणारी गाडी अप आणि तेथून निघणारी डाउन. चढ-उताराशी त्याचा संबंध नाही, नाहीतर घाट उतरून समुद्रकाठी जाणारी मुंबईची गाडी अप झालीच नसती. प्रमाण इंग्रजीत रोजच्या या जाण्या-येण्याला ‘कम्यूट’ म्हणतात, आणि या शब्दाची कथा व्यापाऱ्याला आवडावी अशी आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांनी रोजच्या प्रवाशांना रोज तिकीट घ्यावयास न लावता सर्व भाड्यांच्या बदली एक कमी केलेली ठोक रक्कम घेण्यास सुरुवात केली. बदलून घेणे या अर्थाच्या क्रियापदावरून त्या पासाला नाव पडले, आणि पासावरून प्रवाशाला. ‘कम्यूट’ म्हणजे मुळात प्रवास नव्हेच; ती एक उक्ती सवलत आहे.

मराठीची विभक्ती इंग्रजीत डोकावते ते स्थळही येथेच सांगून टाकावे. ‘पुण्याला पोहोचलो’ या वाक्यातील ‘ला’ इंग्रजीत ‘टू’ होऊन ‘रीच्ड टू पुणे’ असा उतरतो. ‘रीच’नंतर काहीही नको. ‘परदेशी गेलो’चे ‘वेंट टू अब्रॉड’ होते. तेथेही ‘टू’ नको. आणि ‘पायी’चे ‘बाय वॉक’ होते. इंग्रजीत ते ‘ऑन फुट’.

हा शेवटचा शब्द जैन घरांना विशेष लागतो, कारण इंग्रजी पत्रिकांतील सर्वात मोठा घोटाळा चालण्याशी निगडित आहे. साधू-साध्वींचा विहार. चातुर्मासाचे महिने सोडले तर ते एका गावी फार काळ राहत नाहीत. अनवाणी, वाहनाविना, गावोगाव चालतात. मराठी वा गुजराती पत्रिकेत ‘अमुक तिथीस विहार’ असे लिहिले की वाचकाला सर्व काही कळते. तीच पत्रिका इंग्रजीत करताना बहुतेक जण ‘विहार’ हा शब्द तसाच ठेवतात. परंतु इंग्रजी कोशांत ‘विहार’ या शब्दाला आधीच एक अर्थ मिळालेला आहे, आणि तो आहे बौद्ध मठ. ज्या प्रांतात असे मठ पुष्कळ होते त्याचे नावच बिहार पडले. परदेशात वाढलेला नातू वा त्याचा शेजारी ‘रविवारी सकाळी विहार’ हे वाचून एखाद्या इमारतीचे उद्घाटन आहे असे समजला, तर त्याला दोष देता येणार नाही.

काही पत्रिकांत म्हणून ‘टूर’ लिहिलेले दिसते. ते तर अधिकच विपरीत. टूर परत येते, विहार परत येत नाही. टूरला आरक्षण असते, ठरलेला कार्यक्रम असतो, घर मागे असते. विहारात मागे घर नसतेच. ‘ट्रॅव्हल’ म्हणावे तर वाचकाच्या मनात तिकीट उभे राहते. अशा वेळी एका शब्दाचा हट्ट सोडून देणे हेच बरे. ‘महाराजसाहेब सांगलीहून कुंभोजकडे पायी प्रस्थान करतील’ एवढेच सरळ इंग्रजीत लिहावे, त्यात ‘ऑन फुट’ आवर्जून घालावे, आणि ‘विहार’ हा शब्द ठेवावयाचा असेल तर त्याचा अर्थ अर्ध्या ओळीत तेथेच सांगावा. छ’री पाळून निघणाऱ्या संघालाही हेच लागू. सहा नियमांच्या नावांच्या अखेरीस ‘री’ येतो म्हणून ‘छ’री’. त्यात पायी चालणे आहे, एकदाच आहार आहे, जमिनीवर झोपणे आहे. त्याला ‘ग्रूप टूर’ म्हणणे म्हणजे हळकुंडाला आल्याच्या भावाने विकणे होय.

‘पिल्ग्रिमेज’ हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा. तरी त्याच्या मुळाशी ‘परका, परदेशी’ असा अर्थ आहे : जो आपली भूमी सोडून परक्या भूमीत हिंडतो तो यात्रेकरू. ‘तीर्थ’ या शब्दाचा अर्थ मात्र नदी पार करण्याचा उतार. कृष्णेच्या काठी वसलेल्या गावांना तो समजावून सांगावा लागत नाही. ‘वारी’चा अर्थ आणखी निराळा, कारण तीत पुनःपुन्हा जाणे आहे. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंद, तरडगाव, फलटण अशी दरवर्षी त्याच वाटेने जाते. त्या वाटेवरील बाजारपेठांतील जैन व्यापाऱ्यांना वारी आणि यात्रा यांतील भेद दुकानाच्या उंबऱ्यावरून दिसतो. इंग्रजीत दोहोंना एकच शब्द आहे. दिग्व्रतासाठी तर तोही नाही : अमुक दिशेला अमुक अंतरापलीकडे जाणार नाही अशी श्रावकाने स्वतःच घालून घेतलेली मर्यादा. प्रवास करण्यासाठी इंग्रजीत शब्दांची रेलचेल आहे. प्रवास न करण्याच्या व्रताला एकही शब्द नाही.

आतापर्यंतच्या चुकांनी फार तर हसे होते. व्हिसाच्या खिडकीसमोर दोन साधे मराठी शब्द खरे नुकसान करू शकतात. पहिला ‘काम’. हळद किंवा बेदाण्याच्या सौद्यासाठी निघालेला व्यापारी ‘कामासाठी जातो’ असे म्हणतो आणि त्याचे इंग्रजी ‘फॉर वर्क’ करतो. त्या खिडकीत ‘वर्क’ म्हणजे नोकरी, आणि तिच्यासाठी व्हिसाचा वर्गच वेगळा. अमेरिकेचा बी-1 व्हिसा ‘बिझनेस’साठी आहे : भेटीगाठी, बोलणी, करार, प्रदर्शन. बी-2 पर्यटनासाठी आणि आप्तांना भेटण्यासाठी. या दोहोंतही नोकरीला जागा नाही. मनात बिझनेस आणि ओठावर वर्क असलेला सच्चा व्यापारी स्वतःच्याच शब्दाने संशयित ठरतो.

दुसरा शब्द ‘राहणे’. ‘मी सांगलीला राहतो’ आणि ‘मुलाकडे तीन महिने राहायला जातो’ या दोन्ही वाक्यांत मराठीला एकच क्रियापद पुरते. इंग्रजीला दोन लागतात. कायमचे वास्तव्य ते ‘लिव्ह’, तात्पुरता मुक्काम तो ‘स्टे’. भारतीय इंग्रजीत ‘आय स्टे इन सांगली’ सर्रास म्हटले जाते. परक्या कानाला ते ‘सांगलीत सध्या मुक्काम आहे’ असे ऐकू येते. एवढ्याने बिघडत नाही. बिघडते ते उलट झाल्यास : ‘आय ॲम गोइंग टू लिव्ह विथ माय सन.’ आजीच्या मनात नातवाच्या बारशापुरता मुक्काम असतो, आणि अधिकाऱ्याच्या कानावर कायमचे स्थलांतर पडते. यावर तोडगा म्हणजे आधी मनातल्या मनात मराठीत नेमका शब्द शोधणे. ‘मुक्काम’ म्हणता येत असेल तर ‘स्टे’. ‘वास्तव्य’ म्हणता येत असेल तर ‘लिव्ह’. अर्थात पत्त्यावरील ‘मु. पो.’मध्ये मराठीनेही मुक्कामाला कायमचे करून टाकले आहे, हे खरे. पण बोलताना तो भेद अजून शाबूत आहे.

आणि अखेरीस पुन्हा स्पेलिंगकडेच यावे लागते, कारण एक स्पेलिंग असे आहे की ज्याला ब्रिटिश पद्धत नाही आणि अमेरिकी पद्धतही नाही. मराठी शाळेच्या दाखल्यावर आडनाव ‘शहा’ असे लिहिलेले असते. एका मुख्याध्यापकांनी त्याचे इंग्रजी एस-एच-ए-एच असे केले, दुसऱ्यांनी अखेरचा आकार उच्चारून पुढे आणखी एक ए जोडला. सातारा-सांगलीच्या किती घरांत सख्ख्या भावांची आडनावे या एका अक्षराने वेगळी आहेत, ते त्या घरांना ठाऊक. दुकानाच्या पाटीवर, लग्नपत्रिकेवर, बँकेतल्या ओळखीच्या कारकुनापुढे ते वर्षानुवर्षे चालून गेलेले असते. ‘मेहता’त मधला ए कोठे घालावा, ‘ओसवाल’मध्ये डब्ल्यू की व्ही, हेही त्याच जातीचे प्रश्न. विमानाचे तिकीट मात्र पासपोर्टाशी अक्षरन् अक्षर जुळावे लागते. तेथे ‘ट्रॅव्हलर’ या शब्दात एक एल आहे की दोन, हे कोणी पाहत नाही. प्रवाशाच्या आडनावात किती ए आहेत, हे पाहतात.

म्हणून पासपोर्टाचा अर्ज भरण्यापूर्वी एका दुपारी घरातील सर्वांचे शाळेचे दाखले, जन्मदाखले, पॅन आणि आधार कार्डे एका गादीवर मांडावीत आणि खतावणी ताडावी तशी नावे ताडावीत. फरक निघाला तर आधार आणि पॅन यांची दुरुस्ती अर्ज करून होते; मोठा बदल असेल तर प्रतिज्ञापत्र आणि महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातील प्रसिद्धी असा रस्ता आहे. त्याला वेळ लागतो. तिकीट काढल्यानंतर तो वेळ हाती नसतो.